डोंगरावरच्या गावाला जाण्याआधी

(चंद्रपूर येथे तरुण संघाच्या सभेत केलेले भाषण. वाचकांसाठी किंचित संक्षिप्त करून देत आहोत.)



तरुण संघाने मला विषय दिला आहे: डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मोटरसायकलींवर भामरागडच्या डोंगरात जाऊन माथ्यापर्यंत चढण्याची जी सफर ठरते आहे, तिची तयारी कशी करावी. मुलांच्या चेहऱ्यावरचा उत्साह मला दिसतो आहे आणि मागच्या बाकांवर बसलेल्या आयांच्या चेहऱ्यावरची काळजीही दिसते आहे. दोन्ही खऱ्या आहेत. म्हणून आज उपदेश थोडा आणि हिशेब जास्त असं बोलणार आहे. हिशेब करणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. लूककृत शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभूनेच बुरूज बांधणाऱ्या माणसाचं उदाहरण दिलं. पाया घालून झाला आणि पुढे पैसा पुरला नाही, तर लोक हसतात. डोंगरात हिशेब चुकला तर लोक हसत नाहीत. रात्री मशाली घेऊन आपल्याला शोधायला त्यांना निघावं लागतं. दिवसभर शेतात राबलेल्या माणसांवर हा भार टाकायचा आपल्याला काय अधिकार?

आधी जातो कशाला, ते पक्कं करू. लाहेरीच्या पुढे, छत्तीसगडच्या सीमेला लागून, बिनागुंड्याच्या बाजूला जो डोंगराळ पट्टा आहे तिथे बडा माडिया लोकांची लहान लहान गावं आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड अशा तीन जमाती विशेष असुरक्षित आदिवासी समूह म्हणून नोंदलेल्या आहेत. त्यांपैकी हे लोक. उतारावरची झाडं-झुडपं तोडून, जाळून, त्या राखेत कोसरी-कुटकी पेरायची, ही त्यांची पेंडा शेती. रुग्णवाहिका जिथवर रस्ता असेल तिथवरच येते. त्यापुढे आजारी माणसाला किंवा अडलेल्या बाळंतिणीला खाटेवर घालून, खाटेला बल्ली बांधून, चौघं खांद्यावरून खाली आणतात. अशा एका गावाने आपल्याकडे निरोप पाठवला. त्यांनी गोळ्या मागितल्या नाहीत, कपडे मागितले नाहीत. त्यांनी मागितलं ते असं: खाट उतारावर घसरते, माणूस पडतो, घट्ट पट्टे असलेलं, घडी होणारं स्ट्रेचर मिळेल का, आणि ते कसं धरायचं हे आमच्या पोरांना कोणी दाखवेल का?

हे आपलं काम. दोन स्ट्रेचर वर पोचवायचे आणि गावातल्या तरुणांना शिकवायचं. गावाच्या वरचा माथा हा त्यानंतरचा प्रश्न आहे. त्याकडे शेवटी येते.

माणसं आठ, गाड्या चार. सहा जण वर जातील. दोन जण पायथ्याच्या गावात गाड्यांपाशी थांबतील. थांबणाऱ्यांना आपण फार अडाणी पद्धतीने कमी लेखतो, म्हणून सांगते की ते दोघं सगळ्यात भरवशाचे हवेत. वरच्या पट्ट्यात मोबाईल लागत नाही. ठरलेल्या वेळेपर्यंत आपण उतरलो नाही तर काय करायचं, कोणाला कळवायचं, हे त्या दोघांनाच ठरवायचं आहे. सहामध्ये किमान दोन बहिणी हव्यात आणि त्यांतली एक परिचारिका हवी. बाळंतिणीला स्ट्रेचरवर कसं निजवायचं हे गावातल्या बायकांशी पुरुषांनी बोलून चालणार नाही.

आता गाड्यांचं. गेल्या आठवड्यात दोघांनी मला मोठ्या, उंच, जाड टायरच्या गाड्यांचे फोटो दाखवले. गाड्या सुंदर आहेत. पण त्या भागात कोणती गाडी सर्वात जास्त दिसते? स्प्लेंडर आणि प्लॅटिना. गाडी हलकी असली की नाल्यात अडकल्यावर दोन माणसं उचलू शकतात. ट्यूबचं टायर असेल तर झाडाखाली बसून पंक्चर काढता येतं. आणि आठवडी बाजारात बसणाऱ्या मिस्त्रीकडे तिचा सुटा भाग निघतो. तुमच्याकडे मोठी गाडी असेल तर जरूर आणा, पण चारही गाड्यांचे टायर-ट्यूब शक्यतो एकाच मापाचे असू द्या, म्हणजे एका गाडीची ट्यूब दुसरीला चालेल. सोबत दोन ट्यूब, पंक्चरचं सामान, हातपंप, क्लच आणि ब्रेकच्या वायरी, प्लग, चेनची जोडकडी, पाने, आणि तार व पक्कड. तार आणि पकडीने अर्धे आजार बरे होतात, असं आमच्याकडचे मिस्त्री म्हणतात.

पेट्रोलचा हिशेब असा. चंद्रपूरहून बल्लारपूर, गोंडपिंपरी, आष्टीमार्गे आलापल्लीपर्यंत काळजी नाही. आलापल्लीत टाकी भरायची. तिथून भामरागड साधारण 65 किलोमीटर, पुढे लाहेरी, पुढे कच्चा रस्ता. पायथा गाठून परत आलापल्लीला येईपर्यंत 200 किलोमीटर धरा. डांबरी रस्त्यावर तुमची गाडी लिटरला 60 देत असेल तर इथे 30 च धरा, कारण पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये, सामान लादून, दगडधोंड्यांतून जायचं आहे. म्हणजे सात लिटरच्या आत भागतं, आणि स्प्लेंडरच्या टाकीत साधारण दहा लिटर बसतं. म्हणून पाण्याच्या बाटलीत पेट्रोल भरून पिशवीत कोंबण्याची काही गरज नाही. ते धोक्याचं आहे, आणि गावात लहान मुलं कुठलीही बाटली तोंडाला लावतात.

पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, हे तुम्ही दरवर्षी वर्तमानपत्रात वाचता. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या तिथे एकत्र येतात. डिसेंबरमध्ये नद्या शांत असतात, पण पुढचे नाले संपलेले नसतात. नाला आला की गाडी थांबवायची. एकाने काठी घेऊन आधी चालत पलीकडे जायचं. तळाशी वाळू आहे की गोटे, पाणी कुठे किती, हे बघायचं. पाणी गुडघ्याच्या वर असेल तर गाडी चालवत न्यायची नाही. कमी असेल तर मागचा माणूस उतरेल, पहिल्या गिअरमध्ये, एकसारखा रेस धरून, मध्ये क्लच न दाबता जायचं. गाडी पाण्यात बंद पडली तर लगेच किक मारायची नाही, ढकलत बाहेर आणायची. इंजिनात पाणी गेलं असेल तर किक मारण्याने नुकसान वाढतं. दोन गाड्यांत पन्नास पावलांचं अंतर. हेल्मेट सर्वांना, मागे बसणाऱ्यालाही. आणि सूर्यास्तानंतर कच्च्या रस्त्यावर गाडी चालवायची नाही. या नियमाला अपवाद नाही.

या नियमाला दोन कारणं आहेत. एक तर रस्ता दिसत नाही आणि रानातली जनावरं रस्त्यावर येतात. दुसरं कारण मला अधिक महत्त्वाचं वाटतं. या भागाने फार सोसलं आहे. 8 ऑक्टोबर 2009 रोजी लाहेरीजवळच्या चकमकीत 17 पोलीस मारले गेले. कित्येक वर्षं तिथले गावकरी दोन बंदुकांच्या मध्ये राहिले. अशा गावात अंधारात चार अनोळखी मोटरसायकलींचा आवाज आला तर घरात काय होत असेल, याचा विचार करा. आपल्याला ती मौज वाटते, त्यांच्या पोटात गोळा येतो. म्हणून आधी निरोप, मग आपण. आणि तेही दिवसाउजेडी. भामरागड आणि लाहेरी इथल्या पोलीस ठाण्यांत नावं, गाड्यांचे क्रमांक आणि परतीचा दिवस लेखी द्यायचा. वन विभागाला विचारायचं, कारण त्या तालुक्यात अभयारण्यही आहे. आरोग्याचं काम आहे म्हणून लाहेरीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना आधी भेटायचं. आणि ज्या गावात जाणार तिथल्या ग्रामसभेची संमती घ्यायची. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा गावाला 2009 साली वनहक्क कायद्याखाली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला, तेव्हापासून जंगल ही गावाची जागा आहे ही गोष्ट गडचिरोलीतली लहान मुलंही जाणतात. आपण शहरातल्यांनी ती विसरू नये.

पायथ्याला पोचल्यावर गाड्या कोणाच्या अंगणात ठेवायच्या ते विचारून ठेवायच्या. "जोहार" म्हणायचं, बसायचं, दिलं ते पाणी प्यायचं. माडिया भाषेतले दहा-बारा शब्द आधीच पाठ करा. पाण्याला येर, नाही म्हणायला हिल्ले. आपण चुकीचे बोललो की मुलं हसतात, आणि हसली की ओळख झालीच.

चढाईचा दिवस. त्या सुमारास तिकडे सूर्य साडेसहाला उगवतो आणि साडेपाचला मावळतो. अकरा तास उजेड. उजाडताच निघायचं. सामान घेऊन चार तास लागतील असं धरू, म्हणजे साडेदहा-अकरापर्यंत वर. बारा वाजता गाव दिसलं नसेल तर मागे फिरायचं. कुठेही असू, कितीही जवळ आलो आहोत असं वाटत असो. उतरायला साडेतीन तास धरले तरी सूर्यास्ताआधी दोन तास हाताशी राहतात, आणि ते दोन तास मुरगळलेल्या पायासाठी ठेवलेले आहेत. बारा वाजता मागे फिरण्याचा निर्णय कोण घेणार? पुढे चालणारा नाही. सर्वांत मागे, सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाच्या बरोबर जो असेल, तो घेईल. पुढच्याला माथा दिसतो, मागच्याला माणसं दिसतात.

प्रत्येकाकडे तीन लिटर पाणी, शिट्टी, विजेरी, भाकरी-चटणी, गूळ-शेंगदाणे. अंगभर कपडे, घोट्याच्या वर येणारे बूट. रात्री औषधी मच्छरदाणी, कारण गडचिरोलीचा मलेरिया थट्टेचा नाही. त्यातला फॅल्सीपॅरम हा प्रकार डोक्यात जातो आणि जीव घेतो. निघण्याआधी डॉक्टरांचा सल्ला घ्या. परत आल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर "थंडी बाधली असेल" म्हणून झोपून राहू नका, त्याच दिवशी रक्त तपासा आणि कुठे जाऊन आलात ते डॉक्टरांना सांगा. साप चावला तर आवळून बांधायचं नाही, चिरायचं नाही, चोखायचं नाही. माणसाला हलू न देता त्याच स्ट्रेचरवर घालून आरोग्य केंद्राकडे निघायचं.

वर गेल्यावर काय करायचं नाही, तेही स्पष्ट सांगते. गोळ्या-औषधं वाटायची नाहीत. ते परिचारिका आणि आरोग्य केंद्र ठरवेल. पत्रकं वाटायची नाहीत, सभा घ्यायची नाही. आपण ख्रिस्ती आहोत हे कोणी विचारलं तर लपवायचं नाही. पण आजारी माणसाला उचलण्याच्या बदल्यात त्याच्याकडून काही मागायचं नाही, त्याचं मनसुद्धा नाही. प्रेम हा सौदा झाला की ते प्रेम राहत नाही. जुने कपडे नेऊ नका. मुलांचे फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय काढू नका, आणि आजाऱ्याचा फोटो विचारूनही काढू नका.

लूकच्या दहाव्या अध्यायात प्रभूने सत्तर जणांना दोन-दोन करून पाठवलं, तेव्हा त्यांना कमी सामान घ्यायला, एकाच घरी राहायला आणि पुढे ठेवलेलं खायला सांगितलं. धर्मशिक्षणाच्या वर्गात मी हे वाक्य गरिबीचं व्रत म्हणून शिकले. भामरागडच्या तालुक्यात काम करताना त्याचा आणखी एक अर्थ मला दिसला. ज्याच्या घरी तुम्ही जेवता, त्याच्यावर तुम्ही अवलंबून असता. मग तुम्ही दाते राहत नाही, पाहुणे होता. आंबील समोर आली तर ती प्या. पिशवीतला बिस्किटाचा पुडा तेव्हा बाहेर काढू नका. फक्त एक जपा: नव्या पिकाचा पंडुम झाल्याशिवाय ते पीक खायचं नाही, अशी रीत आहे. पंडुम म्हणजे सण. त्या दिवसांत गाव आपल्या कामात असतं, बाहेरच्याने येऊ नये असंही ठरलेलं असू शकतं. म्हणून तारीख आपल्या सुट्टीवरून ठरणार नाही, त्यांच्या पंडुमवरून ठरेल. दुसरा आठवडा जमला नाही तर तिसरा. रजा त्याप्रमाणे मागा.

आणि आता तो माथा. गावाच्या वर अजून एक तासाची चढण आहे, आणि तिथून छत्तीसगडचं जंगल दिसतं म्हणतात. तुम्हाला तिथे उभं राहायचं आहे. यात वाईट काहीच नाही. उंचावर गेल्यावर माणसाचा अहंकार लहान होतो, आणि देवाने डोंगर काही फक्त खालून बघायला केले नाहीत. पण या भागात कितीतरी डोंगरमाथे देवाच्या जागा आहेत. एटापल्ली तालुक्यात सुरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेव आहे, जानेवारीत तिथे यात्रा भरते आणि दूरदूरचे माडिया लोक पायी येतात. डोंगर त्यांच्यासाठी दगडांचा ढीग नाही. म्हणून चढण्याआधी गावच्या भूमियाला विचारायचं. तो म्हणाला "जा", तर त्याच्या माणसाच्या मागे जा. तो बूट काढेल तिथे बूट काढा. वर नाव कोरायचं नाही, झेंडा लावायचा नाही, क्रूसही रोवायचा नाही. तो म्हणाला "हिल्ले", तर जोहार करून खाली या. कोणी विचारेल, आपल्या विश्वासाप्रमाणे त्या जागेत देव नाही, मग का थांबायचं? मी म्हणेन, शेजाऱ्याच्या घरात शिरताना आपण त्याची परवानगी घेतो, ती त्याच्या देव्हाऱ्यामुळे नाही, ते त्याचं घर आहे म्हणून.

गणनेच्या तेराव्या अध्यायात मोशेने बारा जणांना डोंगराळ प्रदेश बघायला पाठवलं. जमीन कशी आहे, माणसं किती, झाडं आहेत की नाहीत, सगळं पाहून या. ते जमीन घ्यायला निघालेले लोक होते. गडचिरोलीच्या डोंगरांकडे लाकूड, बांबू, तेंदूपत्ता, आता लोहखनिज, यांसाठी बघणारे डोळे पुष्कळ आले आणि गेले. आपण त्या रांगेत उभं राहायचं नाही. परत येताना आपल्या पिशवीत वरून आणलेलं काही नसावं, आणि स्ट्रेचर मात्र वरच राहावेत.

तयारीसाठी नोव्हेंबरच्या एका शनिवारी आपण गडचांदूरजवळच्या माणिकगडावर जाऊ. किल्ला पाहण्यासारखा आहे, पण आपण जाणार ते दुसऱ्यासाठी. आपल्यातल्याच एकाला स्ट्रेचरवर बांधायचं आणि चौघांनी त्याला गडावरून खाली आणायचं. दर दहा मिनिटांनी खांदे बदलायचे, उताराला पाय पुढे, चढाला डोकं पुढे, आणि चौघांत एकानेच बोलायचं. ज्यांना दुसऱ्यांना शिकवायचं आहे त्यांचे स्वतःचे खांदे एकदा तरी दुखलेले असले पाहिजेत. आणि बांधून घेणारा माणूस आळीपाळीने बदलू. त्या पट्ट्यांत असहाय पडून राहिल्यावर काय वाटतं, हे सर्वांना कळायला हवं.

शोधग्रामच्या डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यात दाखवून दिलं की गावातल्याच बाईला नीट शिकवलं तर ती झोपडीत जन्मलेलं बाळ वाचवू शकते. हेमलकशात 1973 पासून लोकबिरादरी प्रकल्प उभा आहे, तो एका फेरीने उभा राहिलेला नाही. आपली तर चार-पाच दिवसांची फेरी आहे. आपण तिथे आठ जण गेलो हे कोणाच्या लक्षात राहणार नाही. वर राहणाऱ्या सहा-सात पोरांना स्ट्रेचर बांधता येऊ लागला, तर ते मात्र पुढच्या पावसात कोणाच्या तरी कामी येईल. मग पुढच्या वर्षी जाऊन पट्टे तुटलेत का ते बघायचं, तुटले असतील तर शिवायचे. ज्यांना एकदाच जायचं आहे त्यांनी नावं देऊ नयेत, अशी माझी विनंती आहे.

पाठीशी उभ्या राहणाऱ्यांनाही सांगते. पेट्रोल मुलं स्वतःच्या खिशातून घालणार आहेत. आपल्याकडून हवेत ते दोन स्ट्रेचर, जादा पट्टे आणि गावासाठी औषधी मच्छरदाण्या. आणि त्या पाच दिवसांत रोज सकाळी साडेसहाला, उजाडताना, एक प्रार्थना. वर जाणाऱ्यांसाठी करा, पायथ्याशी थांबणाऱ्यांसाठी करा, आणि चढ-उतार रोजच करणाऱ्या त्या गावासाठी तर नक्की करा.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायातला पक्षाघाती आपल्याला ठाऊक आहे. चौघांनी त्याला उचलून आणलं, गर्दीमुळे दार मिळेना म्हणून छप्पर उकललं आणि बाज खाली सोडली. त्या चौघांची नावं पवित्र शास्त्रात नाहीत. कुठून आले, किती चालले, वाटेत किती वेळा खांदा बदलला, काहीच लिहिलेलं नाही. प्रभूने त्यांचा विश्वास पाहिला, एवढंच लिहिलं आहे. लाहेरीच्या पुढच्या डोंगरांत असे चौघे आजही खाट घेऊन उतरतात. त्यांच्या हातात थोडी बरी खाट द्यायला आपण चाललो आहोत. नावं नोंदवण्याची वही पाळकसाहेबांकडे आहे. परवाना, रक्तगट आणि घरच्यांची संमती सोबत आणा.

देव आपणा सर्वांना आशीर्वाद देवो. जोहार.